काट्याच्या पावतीवरचे शब्द

तारीख सत्तावीस फेब्रुवारी. रक्कम पन्नास रुपये, पुस्तक खराब केल्याचा दंड. हजर माणसं: हिंगणघाटच्या एका वाचनालयाचे अध्यक्ष, म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले मराठीचे सर, देवघेवीच्या टेबलावरच्या बाई, खुर्च्यांवर पन्नासेक वाचक, तिसऱ्या रांगेत माझी मुलगी, आणि शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून, मी.

मराठी भाषेचा दिवस होता. भाषणं झाली. दोघातिघांना शाली दिल्या. मग सर म्हणाले, आता थोडी गंमत करू. त्यांनी टेबलावरून एक जाड कादंबरी उचलली. पानांमधून चिठ्ठ्या बाहेर आल्या होत्या. पिवळट, एका बाजूला छापील आकडे असलेल्या. मी त्या लांबूनच ओळखल्या. माझ्या होत्या.

सरांनी चष्मा नीट केला आणि पहिली चिठ्ठी वाचली.

"विमनस्क. म्हंजे ज्याची झोप नाई झाली असा मानूस. रातपाळीचा डायवर."

वाचताना त्यांनी आवाज बदलला. जाड केला. शब्द ओढून ओढून काढले, नाटकातला गडी बोलतो तसे. हॉल हसला. सरांनी चिठ्ठी पानापासून सुटी केली आणि उलटवून दाखवली. "मागे बघा, चण्याच्या गाडीचं वजन आहे. लेखक शब्द तोलून वापरतो म्हणतात ना, हा वाचक त्याच्याही पुढे गेलाय."

पुन्हा हसले. या वेळी जास्त वेळ.

मी कोण ते सांगतो. वडनेरला राहतो. जामच्या चौकात हायवेलगत एक धर्मकाटा आहे, तिथे सोळा वर्षांपासून गाड्यांची वजनं करतो. दहावीपर्यंत शिकलो. मुलगी मराठी घेऊन बीए करते आहे. ही कादंबरी तिच्या अभ्यासाला होती. तिचं वाचून झालं तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, दोन गाड्यांच्या मधात तुमी बसूनच तं राह्यता. वाचून पाहा ना." शाळा सुटल्यावर मी कादंबरी हातात धरली नव्हती. पेपर वाचत होतो, तोही बाजारभावाचं पान आधी.

एका पोस्टमास्तराची गोष्ट होती. बायको वारलेली, मुलगा लांब. पहिल्या दहा पानांतच पंधरा शब्द अडले. मोबाइलवर अर्थ पाहता येतो, मुलीनं शिकवलं होतं. पण तिथे एका कठीण शब्दाच्या जागी दुसरे चार कठीण शब्द देतात. त्याचा मला उपयोग झाला नाही. मग मी मला येत होती ती रीत लावली.

काट्यावर गाडी आधी भरलेली चढते. नंतर माल उतरवून रिकामी गाडी चढते. दोन वजनांमधला फरक म्हणजे माल. मी वाक्य आधी शब्दासकट वाचायचो. मग तो शब्द काढून वाचायचो. काय कमी झालं ते पाहायचं. जे कमी झालं ते त्या शब्दाचं वजन. एका वेळच्या वजनावर भरवसा ठेवायचा नाही. तोच शब्द पुढे आला की पुन्हा चढवायचा. तीनदा सारखं भरलं की अर्थ लिहायचा. बाद झालेल्या पावत्यांची मागची बाजू कोरी असते, तिच्यावर लिहायचो. माझ्या बोलीत, कारण तो अर्थ मलाच वाचायचा होता.

केबिनच्या खिडकीतून गाडी गेली की वारा आत घुसतो. कागद उडतात. म्हणून आम्ही दिवसभराच्या पावत्या डिंकाचं बोट लावून फाइलला चिकटवतो. सवयीनं मी चिठ्ठ्यांनाही तसंच बोट लावलं. ज्या पानावर शब्द, त्या पानाच्या कडेला चिठ्ठी. पुस्तक परत करताना भिजल्या कापडानं हळूच काढून घेईन असं ठरवलं होतं. पण मुदत संपत आली होती. मी काट्यावर असताना मुलीनं घरून पुस्तक उचललं आणि घाईनं परत करून टाकलं. चिठ्ठ्या आतच राहिल्या.

त्या दिवशी कार्यक्रमाला मला तिनंच बोलावलं होतं. म्हणाली, तुमी एवढी मोठी कादंबरी वाचली, वाचनालय तरी पाहा. मी बदली माणूस ठेवला. पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला. आत येताना कपाटं पाहत आलो. बरं वाटत होतं. हेही लिहून ठेवतो.

सर वाचत गेले. "अगतिक. मांगं गाड्या, पुढं गाड्या, रस्ता बंद. डायवर स्टेरिंगवर हात ठेवून बसला. हारन बी वाजवत नाई." लोक खुर्चीच्या पाठीवर रेलून हसत होते. चिठ्ठ्या आता पुढच्या रांगेत हातोहात फिरत होत्या. एक पोरगा मोबाइलवर फोटो काढत होता.

मग त्यांनी ती चिठ्ठी काढली जी लिहिताना मी एकदा थांबलो होतो.

"आर्त. सकाळी चौकात कुत्री गाडीखाली आली. तिचं पिल्लू वरडलं, तसं. पन मानसाचं."

त्यावरही हसले. त्या चिठ्ठीत हसण्यासारखं काहीच नव्हतं. पण हसायची लय लागली होती, आणि सरांचा आवाज तोच होता, जाड केलेला. पिल्लाचं ओरडणंही त्यांनी करून दाखवलं.

सर परके नाहीत. इथलेच आहेत. त्यांच्या आधीच्या दोन पिढ्यांची इथे कापसाची पेढी होती, वखार अजून आहे. वखारीतल्या माणसांशी ते हीच बोली बोलतात, मी ऐकलं आहे. त्यांच्या काही गाड्या आमच्याच काट्यावर येतात. म्हणजे ती बोली त्यांना येत नाही असं नाही. ती कुठे ठेवायची ते त्यांनी ठरवून ठेवलं आहे. वखारीत, आणि गमतीत.

माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "कोन येडपट असन हे?"

मी म्हणालो, "असन कोनी ट्रकवाला."

आणि हसलो.

हे लिहायला मला वर्ष लागलं. सर काय बोलले ते मी कोणालाही सांगू शकलो असतो. मी हसलो हे सांगता येत नव्हतं. ओठांपुरतं नाही, आवाज काढून हसलो. हॉलमध्ये पन्नास माणसं हसत होती, त्यात एक मी. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, आणि तोंड हसत होतं. कोणाला कळू नये म्हणून. माझ्याच अक्षराला मी हसलो.

मग सरांनी विचारलं, हे पुस्तक कोणाच्या कार्डावर गेलं होतं. बाईंनी रजिस्टर न उघडताच हळू आवाजात सांगितलं. सरांनी माझ्या मुलीला उभं केलं.

ती उभी राहिली. पाठमोरी. वेणी, निळी ओढणी. मागे वळली नाही.

"मराठी घेऊन बीए करतेस ना गं? मग शिकवणी काट्यावर कशाला लावलीस?"

हसले.

"कोणी लिहिलंय हे?"

तिनं बापाचं नाव घेतलं असतं तर ती तिथेच सुटली असती. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या असत्या. तिनं घेतलं नाही. आधी मला वाटलं, तिला माझी लाज वाटते आहे. दोन क्षण मला तसंच वाटत होतं, आणि ते मला खरंही वाटलं. मग कळलं, ती मला झाकत होती.

सर म्हणाले, "असो. पानांना डिंक लागलाय. नियमानं पन्नास रुपये दंड होतो."

"मी भरते सर," ती म्हणाली.

तिनं पर्स काढली. पर्सची चेन अडकली. ती एका हातानं पर्स धरून दुसऱ्या हातानं चेन ओढत होती. पन्नास माणसं वाट पाहत होती. चेन निघेना. तिच्या मानेवरचा घाम मला शेवटच्या रांगेतून दिसला.

माझं हसू तिथे थांबलं. मी ठरवून थांबवलं असं म्हणणार नाही. ते थांबलं, आणि मी उभा झालो.

"पोरीले बसू द्या सर. चिठ्ठ्या माह्या हायेत."

आवाज मोठा नव्हता. पण माना वळल्या. शेजारच्या गृहस्थांनी गुडघे आवरून घेतले, मला जायला वाट करून दिली.

सरांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्यावर दुसरं हसू आलं. मोठ्या मनाचं. "अरे वा! म्हणजे आजचे खरे सत्कारमूर्ती मागेच बसलेत. या, या, पुढे या." टेबलावर एक शाल उरली होती. त्यांनी ती उचलून उलगडली. लोकांना म्हणाले, हीच आपल्या मातीची भाषा, हिचा मान आपण ठेवायला हवा. टाळ्या पडल्या. ज्या हातांनी मांड्यांवर थापा मारून हसत होते त्याच हातांच्या टाळ्या. तितक्याच जोरात.

मी पुढे गेलो. शाल माझ्या खांद्याच्या अगदी जवळ आली होती. मी मागे सरकलो.

"शाल नको. चिठ्ठ्या द्या."

"अहो, गंमत होती ती. मनावर घेऊ नका."

"वाचतानी तुमी माह्यावानी बोलत होते," मी म्हणालो. "आता माह्याशी बोलतानी काऊन नाई बोलत?"

त्यांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. शाल हातात तशीच. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, पुढे कवितांचा कार्यक्रम आहे. मी हललो नाही. टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. पुढच्या रांगेत फिरत असलेल्या मागून घेतल्या. कोणी खाली पाहत दिल्या, कोणी घडी सरळ करून दिल्या. "आर्त"ची चिठ्ठी सर्वांत शेवटी आली. ती कोणाच्या तरी बुटाखाली गेली होती. पोराच्या मोबाइलमधल्या फोटोचं मी काही करू शकलो नाही. तो कुठे कुठे गेला असेल, माहीत नाही.

बाईंच्या टेबलाशी गेलो. त्या हळूच म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, मी भरून टाकते." मी नाही म्हणालो. पुस्तक वाचनालयाचं होतं, डिंक मी लावला होता. तो दंड रास्त होता. "पावती फाडा," मी म्हणालो, "माह्या नावानं." आणि सभासदाचा फॉर्म मागितला. त्यात शिक्षणाच्या रकान्यात दहावी लिहिलं. व्यवसायाच्या रकान्यात धर्मकाटा लिहिलं. फॉर्म भरेपर्यंत मागे कविता सुरू झाल्या होत्या.

वडनेरच्या बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली. मला वाटलं, आता म्हणेल, बाबा, बरं केलं तुमी. मी त्याची वाटच पाहत होतो.

ती म्हणाली, "मी उभी राह्याच्या आधी मांगं पाह्यलं होतं. तुमी हासून राह्यले होते."

मी हातातलं तिकीट दुमडलं.

"काऊन हासले बाबा?"

गाव आलं. ती उतरून पुढे चालू लागली. मी मागे.

उत्तर मी नंतर माझ्याच रीतीनं काढलं. त्या हॉलमधलं हसू आधी माझ्यासकट तोललं. मग मला काढून तोललं. फार फरक नव्हता. मी हसलो नसतो तरी ते तेवढंच हसले असते. माझ्या हसण्यानं मी वाचलो नाही. फक्त मुलगी एकटी उभी राहिली. एवढाच माल होता त्यात.

विमनस्क मी चुकीचा लिहिला होता. त्याचा झोपेशी संबंध नाही. मन ठिकाणावर नसणं, असा अर्थ आहे. पोस्टमास्तर तिन्ही ठिकाणी रात्रभर जागलेला होता म्हणून मी तसं धरलं. काट्यावर वजन चुकलं तर गाडी पुन्हा चढवतात, काट्यावाल्याला उभं करून हसत नाहीत. तीच कादंबरी आता माझ्या कार्डावर घरी आहे. नवी चिठ्ठी लिहिली आहे, डिंक न लावता. माझ्या बोलीतच. पुढेही त्याच बोलीत लिहीन. चुकेल तिथे पुन्हा चढवीन. कोणी मोठ्यानं वाचून हसला तर त्याच्याकडे पाहत उभा राहीन. सोबत हसणार नाही. सरांसमोर नाही, काट्याच्या मालकासमोर नाही, कोणाहीसमोर नाही. मुलीला हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. बरं म्हणाली नाही.

त्या दिवशी भरले ते असे: दंडाचे पन्नास रुपये आणि सभासदाच्या अनामतीचे दोनशे, दोन्ही टेबलावरच्या बाईंच्या हाती, वाचनालयाला. दोन पावत्या, दोन्ही माझ्या नावावर. सरांना काही देणं नव्हतं. दिलं नाही.