व्हर्नाचं उलथणं

हेकर्स गॅप या गावच्या अग्निशमन मंडळात व्हर्ना शेमान्स्की शिरली तेव्हा तिला तोंडावर सांगितलं होतं, "बायांनी तळावं, पुरुषांनी विझवावं." तिने तीन वर्षं मंडळाच्या जत्रेत मुकाट्याने तळलं. चौथ्या वर्षी बंब चालवायची परीक्षा दिली आणि सगळ्या मिशीवाल्यांच्या वर नंबर काढला. त्याला आता पंचवीस वर्षं झाली. पगार तिला नव्हता, कुणालाच नव्हता. गावचे आग विझवणारे सगळे फुकट राबणारे, आणि बंबाच्या डिझेलपासून पाण्याच्या नळ्यांपर्यंत सारा खर्च जुलैच्या जत्रेतून निघायचा.

अशा बाईला यंदा जत्रेच्या आठ दिवस आधी पत्र आलं. पासष्टीच्या वरच्यांनी बंब चालवू नये. खाली सही मंडळाच्या प्रमुखाची, म्हणजे कर्टिसची, म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाची. त्याला बंबाचा गिअर टाकायला शिकवलं होतं तेही हिनेच!

"मावशी, आता आराम कर की," कर्टिस म्हणाला. "ब्लीनीचा स्टॉल सांभाळ. तुझ्यासारखी ब्लीनी साऱ्या खोऱ्यात कुणाला जमत नाहीत."

"गोड बोलून गळा कापू नकोस. डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद आहे माझ्याकडे. पंचवीस वर्षांत गाडीला एक ओरखडा दाखव."

"नियम आहे, मावशी. यापुढे ट्रॉय चालवेल."

व्हर्नाचा संताप संताप झाला. पण जत्रा काही कर्टिसच्या बापाची नव्हती, गावाची होती. शनिवारी सकाळी ती स्टॉलवर उभी राहिली. पोतंभर बटाटे किसले, कांदा घातला आणि तव्यावर ब्लीनी, म्हणजे बटाट्याची धिरडी, टाकू लागली. उलथणं मात्र असं आपटत होती की गिऱ्हाइकं पैसे लांबूनच ठेवत होती.

दुपारी बिअरचा तंबू उघडला. मंडळाचा एक नियम व्हर्नाहूनही जुना होता: ज्याने ग्लासाला ओठ लावले त्याने बंबाच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही. म्हणून जत्रेत चालवणाऱ्यांपैकी एकाने कोरडं राहायचं. कोरडी व्हर्नाच राहायची. इतकी वर्षं तीच राहिल्यामुळे यंदा कोण राहणार हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

तीन वाजता भोंगा झाला. ओढ्यापलीकडे गवताचं कोठार पेटलं होतं.

भोंगा झाला की स्टॉलवाल्याने हातातलं टाकून पळायचं आणि रांगेतल्या पहिल्याने तव्यामागे उभं राहायचं, ही तिथली रीत. नळ्या धरणारे चौघे कोरडे निघाले. पण ट्रॉयच्या मिशीला अजून फेस होता, आणि कर्टिसने तर पहिला ग्लास रिकामा करून तंबूचं उद्घाटनच केलं होतं. शेजारच्या गावचा बंब यायला अर्धा तास लागणार होता.

कर्टिस धावत स्टॉलपाशी आला. व्हर्ना एप्रन सोडतच होती.

"मावशी, ते पत्र..."

"पत्राचं आल्यावर बघू." तिने उलथणं त्याच्या हातात कोंबलं. "सगळ्यांच्या पुढे घुसलास ना? मग रांगेत पहिला तूच. ब्लीनी उलट, जळतायत!"

आणि सदुसष्ट वर्षांची ती बाई धावत सुटली. जत्रेच्या गर्दीतून तिने तो अवजड बंब असा काढला की लिंबू सरबताची छत्रीसुद्धा हलली नाही.

कोठाराचं छप्पर गेलं. पण गाई वाचल्या आणि घराला धग लागली नाही. दोन तासांनी ती धुराने काळवंडलेल्या तोंडाने परतली. कर्टिस तव्यामागे घामाने निथळत होता, आणि समोर पन्नास माणसांची रांग त्याची मजा बघत होती.

"मावशी, चुकलं माझं. ते पत्र मी फाडून टाकतो."

"फाडतोस कशाला? त्याच्याच पाठीवर लिही, 'बंब व्हर्ना चालवेल'. सही कर आणि भोंग्याखालच्या फळ्यावर लाव. सगळ्या गावाला वाचू दे."

पत्र तिच्या खिशातच होतं. त्याने तेलकट हातांनी तिथेच लिहिलं, सही केली आणि सुटल्यासारखा श्वास सोडून उलथणं तिच्यापुढे धरलं.

व्हर्नाने कागद घडी करून घेतला. उलथण्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती चालत चालत रांगेच्या पार शेवटाला गेली आणि तिथून ओरडली, "मला दोन! कुरकुरीत हवीत. घाई नाही, सावकाश तळ."