दोन्हीकडून कडी

आमचं कळव्याचं मोठं घर नवं करायला डोंबिवलीहून एक इंटिरियरवाली यायची. विटामातीच्या ढिगातही चपला दाराबाहेर काढायची. भिंत पाडायच्या आधी तिला थोपटून म्हणायची, "सॉरी हां." गवंडी हसायचे. काहीही सांगा, तिचं उत्तर एकच, "करू की."

माझं आणि धाकट्या जावेचं तेव्हा बोलणं बंद होतं. एका स्वयंपाकघराची दोन कर, मध्ये पक्की भिंत घाल, असं मी इंटिरियरवालीला बजावलं. "करू की," म्हणाली. भिंत उठली, पण तिच्यात एक दार!

"हे कुणी सांगितलं तुला?" मी भडकलेच.

"कुणीच नाही, काकी. दोन्हीकडून कडी दिलीये. नको असेल तेव्हा लावून घ्या ना."

मी लगेच लावली. मग पुतणीच्या हळदीला तांदळाच्या भाकऱ्या थापायला जावेकडे हात कमी पडले, तेव्हा मीच कडी काढली आणि परात घेऊन पलीकडे गेले. तेव्हापासून दार उघडंच आहे.

परवा ती इंटिरियरवाली सहज आलेली. कपाट कुरकुरतंय म्हटल्यावर तेलाची बाटली घेऊन घरभर फिरली, बिजागऱ्यांना, कड्यांना तेल घातलं.

"अगं, मधल्या दाराची कडी राहिली. गंजलीये बघ."

"गंजू दे की, काकी," म्हणाली आणि बाटलीला झाकण लावलं.