डाव्या हाताची तीन बोटं आणि एक जुना गेम

संदीपचं मधलं बोट तळहाताला टेकायला तीन सेंटिमीटर कमी पडत होते. मागच्या आठवड्यातही तीनच होते. मी पट्टी ठेवून पुन्हा मोजलं. तेवढंच.

“घरी व्यायाम करता ना?”

“करायलोय की, मॅडम.”

शेजारी त्याची बायको रेखा बसली होती. “काही करत नाहीत,” ती म्हणाली. “दिवसभर त्या कॉम्प्युटरसमोर असतात.”

मी चिंचवडच्या एका हॉस्पिटलमध्ये हॅन्ड थेरपिस्ट आहे. ऑपरेशननंतर आखडलेली बोटं पुन्हा चालती करायची, हे माझं काम. संदीप मूळचा जालन्याकडचा. कुरुळीत भाड्याने राहतो, चाकणला पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर आहे. पत्र्याची धार लागून त्याच्या डाव्या हाताच्या तीन बोटांचे टेंडन तुटले होते. टेंडन म्हणजे बोट ओढणारी दोरी. सर्जननी ती जोडली होती. पण जोडलेली दोरी हलवली नाही, तर ती आजूबाजूला चिकटून बसते. मग ती सोडवायला दुसरं ऑपरेशन.

“महिनाभर बघतो,” सर्जन सरांनी मला बजावलं. “नाही सुटलं तर पुन्हा उघडावं लागेल.”

“सर, सहा आठवडे द्या.”

“महिना.”

संदीपला हे सांगितलं तेव्हा तो नुसता हाताकडे बघत राहिला. ओरडून उपयोग नव्हता. मी विचारलं, “कॉम्प्युटरवर काय करता?”

पहिल्यांदाच गडी मोकळा बोलला. खूप जुना गेम होता, कॉलेजपासूनचा. एक भलामोठा मुलूख. त्यात डोंगर, दलदल, गावं, जादूगार. “कुठंबी जा, मॅडम, कुणी अडवत नाही. राक्षस मारायची मेन कामगिरी सोडून नुसता झाडपाला गोळा करून विकत बसलं, तरी चालतं.”

“आणि त्रास?”

“त्रास लई. नकाशावर खूण नाही. म्हातारा सांगतो, पुलानंतर डावीकडं वळ. तिथं पूल दोन! सामान जास्त झालं की पाऊल उचलत नाही. आन् दार उघडलं की गेम थांबूनच राहतो, आतली खोली लोड होईस्तोवर.”

“खेळता कुठल्या हाताने?”

“उजव्या. माउसवर. चालायचं एक बटण आहे. एकदा दाबलं की माणूस आपला चालत राहतो.”

म्हणजे डावा हात मांडीवर पडून होता. एरवी अशा गेममध्ये चालण्यासाठी कीबोर्डवर डाव्या हाताची हीच तीन बोटं लागतात. एक डावीकडे, एक उजवीकडे, मधलं पुढे-मागे.

दुसऱ्या दिवशी त्याला लॅपटॉप आणायला लावला. ते आपोआप चालायचं बटण त्याच्याकडूनच बंद करून घेतलं. नियम ठरवले. एका वेळी वीस मिनिटं. मारामारी नाही, कारण तेव्हा हात ताठरतो. पण नुसत्या कीबोर्डने मूठ वळत नाही. म्हणून दारामागची खोली लोड होईपर्यंत मी शिकवलेली मूठ दहा वेळा वळायची.

“प्रत्येक दाराला?”

“प्रत्येक दाराला.”

पहिल्या आठवड्यात अंतर एक सेंटिमीटरने कमी झालं. दुसऱ्या आठवड्यात हात सुजून आला.

“लढलात?”

“गुहेतून एक जण मागं लागला, मॅडम. काय करणार?”

“पळायचं.”

दोन दिवस विश्रांती दिली. सूज उतरली. आणि मग रेखाचा फोन आला. गेम अचानक बंद पडला होता, संदीपने सेव्ह केलं नव्हतं, दोन दिवसांचं सगळं गेलं होतं. सकाळपासून त्याने हात हलवला नव्हता. मी फोन त्याच्याकडे द्यायला सांगितला.

“संदीप, गेममधलं गेलं. बोटांनी केलेलं गेलं का?”

 तो म्हणाला, “तेवढा रस्ता परत चालावा लागंल.”

“चाला की. वाटेत दारंही परत येतील.”

महिना संपला त्या दिवशी मी सकाळपासून दोनदा घड्याळ पाहिलं. सरांनी संदीपला मूठ वळायला सांगितली. तर्जनी टेकली. मधलं बोट टेकलं. अनामिका केसभर मागे राहिली. सरांनी प्रत्येक बोट वेगळं धरून तपासलं, पुन्हा मूठ वळायला लावली.

“ऑपरेशन नको,” ते म्हणाले.

“नाही ना करायचं?” रेखाने विचारलं. “नक्की नाही ना?” तिने तीनदा विचारलं, सरांनी तीनदा उत्तर दिलं. संदीप भिंतीकडे तोंड करून उभा होता, खांदे हलत होते. माझ्याही पाठीतला ताण तेव्हा कुठे उतरला.

बाहेर पडताना सर म्हणाले, “काय केलंत त्याला?”

“चालायला लावलं,” मी म्हटलं.

कंपनीने आधी त्याला तयार माल तपासायच्या टेबलावर बसवलं. आता तो पुन्हा पूर्ण शिफ्ट करतो. मुख्य राक्षस अजून जिवंत आहे म्हणे.

व्यायामाचा छापील कागद मी आजही प्रत्येक पेशंटला देते. फक्त त्याआधी घरी वेळ कसा जातो, ते विचारते. खरं उत्तर मात्र बहुतेक वेळा शेजारी बसलेलं माणूस देतं.