आबांनी न मारलेला माणूस

मी कॅनडाला निघालो त्या दिवशी आबा, माझे वडील, शहरात गारखेड्यातल्या माझ्या खोलीवर आले, पण हातात काठी नव्हती. मेंढरं राखणारा माणूस, काठीशिवाय दिसला तर ओळखू येत नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "हाय घरी. शहरात कशाला लागती?" आधीच्या प्रत्येक खेपेला मात्र आणली होती. आईनं दिलेल्या भाकरी त्यांनी बॅगेत नीट बसवल्या. काठी घरी ठेवण्याचं कारण मला माहीत होतं. त्याच आठवड्यात सिल्लोडच्या कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला होता.

न केलेला गुन्हा. फर्दापूरच्या अलीकडं आमची मेंढरं एकाच्या कपाशीत शिरली. मालक शिव्या देत बांधावरून धावला, पाय घसरला आणि डोकं दगडावर आपटलं. आबांनी काठी फेकली, डोक्याचा पटका सोडला आणि त्याची जखम बांधली. पोलिसांनी काठी जप्त केली, आबांनी पुढं दुसरी घेतली. पटक्याचं कुणी विचारलंच नाही. शुद्धीवर आल्यावर तो माणूस म्हणाला, धनगरानं मारलं. आसपास दुसरं कुणी नव्हतंच.

तारखांवर तारखा पडत होत्या. वकील म्हणाले, कबूल केलं तर किरकोळ दंडावर सुटतील. माझा व्हिसा आला होता, तिकीट काढलं होतं, आणि मी गेल्यावर आबांना तारखेला घेऊन जाणार कोण? आबा एकच धरून बसले, "मी मारलं नाय, तर मारलं कसं म्हणू?" मी चिडलो. म्हणालो, "आबा, टाका म्हणून एकदाचं. कोण बघायला बसलंय? माझ्यासाठी म्हणा."  दुसऱ्या दिवशी आबांनी कोर्टात कबूल केलं. साधं 'व्हय' म्हणाले, तेही इतकं हळू की न्यायाधीशांनी परत विचारलं.

कोण बघायला बसलंय, हे मी कोणत्या तोंडानं म्हणालो देव जाणे. कॅनडाचं सरकार बघायला बसलं होतं. मला मुलगी झाली, आई-आबांना बोलवावं म्हटलं, तर आबांचा व्हिसा नाकारला. कारण एकच, शिक्षा झालेली आहे. आई आबांना सोडून यायला तयार नव्हती. खटपटी करून, इथला वकील लावून, शेवटी दोघांना यायची परवानगी मिळाली तेव्हा पोरगी शाळेत जायला लागली होती. तोवर आबा तिला फोनवरच बघत होते.

वकिलानं मला बजावलं होतं: विमानतळावर विचारलं तर 'केलं नाही' असं म्हणायचं नाही. कोर्टात कबूल आणि इथं नाकबूल, म्हणजे माणूस खोटा ठरतो. पस्तावा झालाय म्हणायचं.

इथल्या विमानतळावर आबांना चौकशीसाठी बाजूला घेतलं. इंग्रजीचं अक्षर येत नाही म्हणून मला बाहेरून आत बोलावलं. समोर एक तरुण अधिकारी बाई, फार सभ्य. तिनं विचारलं, तुम्ही त्या माणसाला मारलंत का? मी मराठीत विचारलं. आबांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी नीट विचारत होतं. ताठ बसले आणि सगळं सांगितलं. बांध, दगड, पटका. हातानं गाठ बांधून दाखवली. "सांग बाईंना, मी हात बी लावला नाय. लावला तो जखम बांधायला."

मी बाईकडं वळलो आणि म्हणालो, हो, रागाच्या भरात हातून घडलं, त्यांना फार पस्तावा होतो.

बाईनं मान हलवली, शिक्का मारला, हसून आबांना नमस्कार केला. बाहेर येताना आबा आईला म्हणाले, "बघ, परक्या मुलखात इनसाफ झाला."

तीन महिने राहिले. नातीला पटका बांधायला शिकवलं. परत गेले ते पुन्हा काठी हातात घेऊन हिंडू लागले, असं आई सांगते. हे लिहितोय ते तुम्हा गावच्या मंडळींसाठीच; आता तुम्हाला ते भेटेल तिथं सांगतात, की तिकडच्या सायबीण बाईपुढं पोरानं सगळं खरं खरं सांगितलं आणि माझ्या नावावरचा डाग धुवून निघाला. परवा पारावरून फोन केला, मोठ्या आवाजावर ठेवून. "सांग रं ह्यांला, काय सांगितलंस बाईंना!" तुम्ही सगळे ऐकत होता. मी म्हणालो, "व्हय आबा, तुम्ही म्हणाला तसंच सांगितलं." पलीकडून तुमच्या शाबासक्या ऐकू आल्या, आणि मी फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन रडलो.

परदेशात राहणारे आम्ही सगळे घोकत असतो, गावी जायचंय, गावी जायचंय. मीही म्हणतो. मग तिकीट बघतो आणि बंद करतो. घर म्हणजे माझ्यासाठी आता तो पार आहे. तिथं आबा मला शेजारी बसवून घेतील, तोच प्रश्न परत विचारतील, आणि तिथं मधे ना इंग्रजी असेल ना फोन; मी बोललेलं खरं की खोटं, ते आबांना कळेल.