आप्पांचा अंगठा

निपाणीच्या वाटेवर तंबाखूचा वास आला, की मला बेळगावच्या दवाखान्यातला वडिलांचा अंगठा आठवतो.

आप्पांना श्वास घेता येत नव्हता. घशात नळी घालण्याआधी अंग सैल करणारं इंजेक्शन द्यायचं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यात दोन औषधं आहेत. एकाचा अंमल मिनिटांत उतरतो, पण यांच्यासारख्या किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो. यांना दुसरं बरं. मात्र तासभर अंग हलणार नाही. श्वास मशीन देईल."

दुसरं दिलं. सतत तंबाखू मळणारा हात निपचित पडला. त्या सवयीवरून मी रोज भांडायचो. आता घड्याळावरून नजर हटेना.

थोरली बहीण म्हणाली, "घड्याळ काय बघतोस रं? हात बघ!"

अंगठा हलला! बोटांवर गोल फिरला.

"आप्पा आलं बघ!" आक्का रडत हसली. "चुना मागत्यात!"