सेठजींना मी सांगितलेलं मराठी

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आई आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून नको नको ते सगळं बोललो — हे सोडून. आता तुम्हाला सांगतोय, आणि खरं सांगू? तुमच्यावरही माझा भरवसा नाही. तुम्ही म्हणाल, हा गडी अर्धंच सांगतोय, सोयीचं तेवढंच. म्हणा. तुमच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. कुणी माझ्याशी गोड बोललं की मला आधी वाटतं, याला काय हवंय?

माझे वडील रेल्वेत. भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. मी इथेच वाढलो — घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आम्हा इथल्या मराठी लोकांना एक खोड आहे. चारचौघांत काही खाजगी बोलायचं असलं की बिनधास्त मराठीत बोलायचं. भाजीवाला लुटतोय, साहेब खडूस आहे, समोरची बाई किती नटलीय — सगळं त्यांच्या तोंडावर! इथे कुणाला कळतंय? सविता वहिनी तर फोनवर बोलायला लागल्या की जिना दणाणायचा.

सविता वहिनी म्हणजे आमच्या कंपनीत माल तपासणाऱ्या. साताऱ्याकडच्या. नवरा फौजेत, त्यांची बदली सरहद्दीवर झाली, पण मुलगी बारावीला म्हणून वहिनी इथेच जवाहर नगरमध्ये एक खोली घेऊन राहिल्या. त्या खोलीचं भाडं त्यांच्या पगारातून जायचं. नोकरी गेली तर खोली गेली, आणि पोरीचं वर्ष मध्येच सोडून गावी जायचं — हे मला पक्कं माहीत होतं. दुपारी डबा खाताना त्याच सांगायच्या. मला दादा म्हणायच्या. अख्ख्या कंपनीत मराठी आम्ही दोघंच.

कंपनी कपडे एक्स्पोर्ट करायची, जयपूरच्या कारखान्यांच्या भागात, सीतापुऱ्यात. जवळच्या बगरू गावचा छापील कपडा आणायचा, त्याचे कुर्ते, ड्रेस शिवून परदेशात पाठवायचे. मी तिथे माणसांचं खातं बघायचो. मतलब, घेणं आणि काढणं. त्या वर्षी परदेशात मंदी आली, ऑर्डरी आटल्या, आणि मग नुसतं काढणंच उरलं.

त्याची सेठजींची, म्हणजे आमच्या मालकांची, एक पद्धत होती. माणसाला माझ्या खोलीत बोलवायचं, खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, घेवरचा, म्हणजे इथल्या मिठाईचा, डबा हातात ठेवायचा — आणि छापील कागदावर सही घ्यायची, की मी राजीखुशीने नोकरी सोडतोय. रिकाम्या हाती कुणाला पाठवायचं नाही हा म्हणे त्यांच्या घराण्याचा रिवाज. सही घेणारा मी. शिलाईच्या लाईनीच्या लाईनी ओस पडल्या आणि कागदोपत्री एकही माणूस काढलेला नव्हता!

मग मी दिल्लीला फोन का केला? अन्याय बघवेना म्हणून? असं लिहायला किती छान वाटलं असतं. नाही हो. मी केबिनमध्ये शिरलो की मॅनेजर आवाज खाली करायला लागला होता. सेठजी माझी चौकशी जरा जास्तच करायला लागले होते — घर कसंय, मुलं कशीयत. मी ताडलं. शिलाईवाले संपले, आता ऑफिसची पाळी, मतलब माझी.

तेव्हा संसदेत बजेटवर चर्चा चालू होती. विरोधी पक्षाचे एक खासदार गेलेल्या नोकऱ्यांवर बोलणार होते आणि त्यांचा सहायक माझा शाळेतला दोस्त निघाला. तो म्हणत होता, नुसत्या आकड्यांना कोणी विचारत नाही, खरी गोष्ट पाहिजे. मी त्याला सगळं सांगितलं. हिशेब माझा साधा होता — संसदेत बोभाटा झाला की सेठजी घाबरतील, त्यांचा हात थांबेल, माझी खुर्ची वाचेल. तुझा पत्ता कुणाला लागणार नाही, हे त्याने शपथेवर सांगितलं.

भाषण आम्ही कँटीनमधल्या टीव्हीवर पाहिलं. जेवणाची वेळ, सगळे होते. खासदार म्हणाले, या बजेटात कंपन्यांना सवलती आहेत, पण हातातलं काम गेलेल्यांसाठी काय आहे? आणि मग म्हणाले, जयपूरच्या एका कारखान्यात माणसाच्या एका हातात मिठाईचा डबा देतात आणि दुसऱ्या हातात पेन. हे माझं वाक्य होतं, जसंच्या तसं! लाज वाटायला हवी, पण तेव्हा माझी छाती फुगली. समोरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, मिठाई तो मिली ना! अर्धं सभागृह हसलं. मंत्री उठले, म्हणाले, नोकऱ्या गेल्याच्या अफवा पसरवू नका, कारखान्याचं नाव सांगा. खासदार म्हणाले, जिस बहन ने हमें बताया, उसकी रोज़ी का सवाल है.

बहन! माझी ओळख लपवायला त्यांनी मला बाई केलं होतं. दोस्ताने शब्द पाळला होता. मी सुटलो. कँटीनमध्ये मात्र कुणी घास उचलेना. सगळे एकदमच बायकांच्या टेबलाकडे बघायला लागले.

त्या दिवसापासून कारखान्याची तऱ्हाच पालटली. चहाला कुणी कुणाबरोबर जाईना. फोन वाजला की मान वळायची. बायका एकमेकींपासून चार हात लांब. आणि सेठजी थांबले का? छे. मंत्र्यांनी त्याच चर्चेत पुढे चौकशीचा शब्द दिला होता, तर सरकारी माणसं यायच्या आत सगळे कागद साफ करायचे म्हणून सह्यांची घाईच झाली. जे दोन-चार महिने टिकले असते तेही माझ्या फोनमुळे आठवड्यात गेले.

मग एके सकाळी सेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. जिन्यातल्या कॅमेऱ्यात आवाजही येतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. भाषणाच्या आधीच्या दिवसांत कोणकोणती बाई फोनवर काय बोलली, ते सगळं मॅनेजरने बसून ऐकलं होतं. एकच बाई कळत नव्हती. आप तो मराठी हैं ना, सेठजी म्हणाले, ज़रा सुनिए.

वहिनी होत्या. साताऱ्याला आईशी बोलत होत्या. म्हणत होत्या — "आई, तू नको काळजी करू. लई माणसं काढली गं, लेकरंबाळंवाली. पण आमचं दादा हायत हापिसात. आपल्यातलंच हायत. ते माझं नाव त्यात येऊ द्यायचे न्हाईत."

एवढंच. पुढे आईच्या गुडघ्याचं काहीतरी.

सेठजी स्क्रीनकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. आणि मला वाटलं — यांना सगळं माहीत आहे. हे मराठी बाहेरच्या कुणाकडून तरी आधीच समजून घेऊन बसलेत, सापळा माझ्यासाठी लावलाय, मी काय सांगतो तेवढंच बघायचंय. सांगायचं काय होतं मला? आईशी बोलतेय, गुडघा दुखतोय. खरंच होतं ते. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी म्हणालो, दिल्ली में किसी को बता रही हैं, सर. लोगों को निकालने वाली बात.

सापळा वगैरे काही नव्हता. सेठजींना माझा संशय कधीही आला नाही, ना तेव्हा, ना नंतर. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, अपनी ज़बान वाली थी, फिर भी आपने सच बताया.

पुढे लेबर खात्याची माणसं आली, सीतापुऱ्यातल्या सगळ्याच कारखान्यांत गेली. आमचे कागद मीच दाखवले. संसदेत मंत्र्यांनी उत्तर दिलं की कुठेही कुणालाही काढलेलं नाही, जे गेले ते स्वखुशीने गेले. बाकं वाजली. बजेट पास झालं. मी अजून त्याच खुर्चीवर आहे, थोडा वरच सरकलोय.

ही लेबरची माणसं यायच्या आधीचा एक दिवस मात्र सांगायचा राहिला. इतका वेळ बाकीचं बोलत बसलो ते त्याच्यासाठीच.

वहिनींची सही घ्यायलाही मीच होतो. मॅनेजर बाजूला उभा होता. वहिनी आल्या, बसल्या, कागद वाचला आणि मॅनेजरकडे बघितलंही नाही. सरळ मला विचारलं, मराठीत — "काय झालं ओ दादा? माझं काय चुकलं?"

मॅनेजरला त्यातलं ओ की ठो कळलं नसतं. मी तिथेच सांगू शकत होतो. वहिनी, सही करू नका. वहिनी, तुमच्यावर आळ आलाय, आणि तो मी घातलाय. कुणाला कळलं असतं? आयुष्यभर भाजीवाल्यांसमोर, साहेबांसमोर जी भाषा बिनधास्त वापरली, ती त्या खोलीत आम्हा दोघांचीच होती. त्या वाट बघत होत्या. डोळे भरले होते, पण रडत नव्हत्या. मी तोंड उघडलं, आणि हिंदीत म्हणालो — ऊपर से ऑर्डर है, मैडम. साइन कर दीजिए.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, कारण मी कागदाकडे बघत होतो. मग पेन उचललं, सही केली, आणि म्हणाल्या, "ठीक है, सर."

मी पुढचं नाव पुकारलं.