मंगरूळपीरचा तरंगा

मी समुद्राच्या विजेचं काम करते आणि ते मंगरूळपीरला, माहेरच्या वरच्या खोलीत बसून करते. कंपनी दक्षिणेत समुद्रकाठी आहे. कोरोनात घरून काम सुरू झालं, ते तसंच राहिलं. शेजारच्या काकूंना अजून पटत नाही. कुठी समुद्र न कुठी मंगरूळ, पोरगी काहीतरी लपवून राह्यली, असं त्या आईला सांगून जातात.

काम तसं सोपं आहे सांगायला. पत्र्याचा एक मोठा बंद डबा समुद्रात सोडायचा. त्याला आम्ही तरंगा म्हणतो. लाटेबरोबर तो वरखाली होतो आणि त्या हालचालीवर आतलं यंत्र वीज तयार करतं. वीज तयार होते, त्यात वाद नाही. पण ती भयंकर महाग पडते, आणि महागाची वीज घेणार कोण? म्हणून माझ्यासारख्यांना पगारावर ठेवतात. मी दिवसभर खर्च कापते. इथला बोल्ट काढ, तिथल्या पत्र्याची जाडी कमी कर, एका कामासाठी दोन माणसं काहून लागतात ते विचार. आई म्हणते, कंजूषपणाचाही पगार मिळतो हे ठाऊक असतं तर मीही शिकली असती.

माझा थोरला भाऊ वेल्डर आहे. बसस्टँडच्या मागे त्याचं दुकान. ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, गेट, जयंतीच्या कमानी, असलं सगळं तो करायचा. हंगाम सरला की मात्र दुकानात माशा मारत बसायची पाळी. शेवटी कंटाळून त्यानं पुण्यातल्या एका कारखान्यात बोलणी केली. वहिनी इथल्या अंगणवाडीत, लेक दहावीला. म्हणजे हा एकटाच जाणार, कुठंतरी खोली करून राहणार. जायला त्याचा जीव अजिबात होत नव्हता.

नेमके त्याच वेळी कंपनीला चाचणीसाठी लहान आकाराचे तरंगे हवे होते. मी म्हटलं, आमच्याकडे करून घ्या, स्वस्तात होतील. सोयाबीन घेऊन त्या बाजूला ट्रक जातातच, त्यावर चढवून देऊ. करणारा वेल्डर माझाच भाऊ आहे, हेही सांगून टाकलं. साहेब लोक तयार झाले. आधी एक करा, तलावात तरंगवून दाखवा, मग बाकीचे सगळे तुमचेच. भावानं त्याच दिवशी पुण्याला कळवलं की दिवाळीपर्यंत जमत नाही.

तरंगा झाला मात्र देखणा. पिवळाधमक. कंपनीचे एक साहेब मुद्दाम पाहायला आले. ट्रॉलीतून तो गावाबाहेरच्या तलावावर नेला, मागोमाग अर्धी गल्ली. दोर बांधून पाण्यात सोडला आणि तरंगला की! साहेबांनी फोटोही काढला. मग तो एका अंगावर कलला आणि म्हैस पाण्यात बसते तसा सावकाश खाली गेला. काठावरची माणसं हसायला लागली.

ट्रॅक्टर लावून ओढून काढला, तर बुडाकडून पाण्याची धार. तिथे बोटभर रुंदीचं गोल, नीट घासून गुळगुळीत केलेलं भोक होतं. तोवर तरंगा विटांवर बसवलेला, त्यामुळे बूड कुणाला दिसलंच नव्हतं. हे कुणी केलं, असं साहेबांनी विचारलं.

"मीच मारला होल," भाऊ म्हणाला. "पाणी साचून पत्रा सडते ना."

आमच्याकडे पोकळ लोखंडाची कुठलीही वस्तू बुडाला होल मारल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही. गेटचा पाइप असो, कूलरचा स्टँड असो. पावसाचं पाणी कुठून तरी आत शिरतंच, त्याला खाली वाट हवी. त्याच्या उस्तादानं त्याला हेच सगळ्यात आधी शिकवलेलं. नकाशात नसलेला तो होल त्यानं आपल्या मनानं, काळजीनं मारला होता. पाणी खालूनही येतं, हे त्याला कोण सांगणार? त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता. मी कपाळाला हात लावला.

साहेब माणूस चांगला. पोट धरून हसला, आमच्याकडे जेवला. भावानं दुपारीच होल बंद केला आणि संध्याकाळपर्यंत तरंगा पाण्यावर राहिला, आत थेंब नाही. पण कंपनीतून नवीन अट आली. या दुकानात काम चालू असेल तोवर आमचा एक तपासनीस तिथे मुक्कामाला राहील. त्याचा प्रवास, राहणं, भत्ता. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! तो खर्च भावाच्या दरात मीच मिळवला, कारण ते माझंच काम. मिळवल्यावर किनाऱ्यावरचा एक कारखाना स्वस्त पडला. मला रडू आलं नाही, संताप आला. कुणावर काढावा ते कळेना.

भावाला सांगायला मीच दुकानात गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आपला भाव अजून खाली आणता येईल का, एवढंच विचारलं. मी त्याला खरं ते सांगितलं. त्याचा नफा मी पहिल्याच दिवशी कापला होता, दुकानाचं भाडंही धरलं नव्हतं.

"आता फक्त तुझी मजुरी राहिली, दादा."

"मंग थे काढून टाक," तो म्हणाला. "घरी त राहीन."

मी काढली नाही. दिवाळी झाली आणि तो पुण्याला गेला. वहिनी तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. मजुरी काढली असती तर तुझ्या बापाचं काय गेलं असतं, असं तिनं एकदा तोंडावर विचारलं.